‘एका चौरस सेंटिमीटरला एक वॅट’ म्हणजे नेमकं किती?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

हरित हायड्रोजनच्या बातम्या आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पानांवरही येऊ लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींची मंजुरी मिळाल्यापासून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रदर्शनांत इंधन घटाचा, म्हणजे हायड्रोजनपासून थेट वीज बनवणाऱ्या साधनाचा, एक तरी प्रकल्प असतोच. त्यात स्टेनलेस स्टीलच्या आधारावर बसवलेल्या सॉलिड ऑक्साइड सेलचं नाव अधूनमधून दिसतं आणि सोबत एक आकडा हमखास छापून येतो : ‘एका चौरस सेंटिमीटरला एक वॅट’. हा आकडा खोटा असतो असं आमचं म्हणणं नाही. पण तो कोणत्या परिस्थितीत मोजला हे सांगितलेलं नसतं, आणि तेवढ्यानं त्याचा अर्थच हरवतो. उसाचा उतारा सांगायचा आणि एकरी की गुंठ्याला हे सांगायचं नाही, तसं हे झालं.

आधी हा सेल, म्हणजे सिरॅमिकच्या थरांची ही तापवून चालवायची चकती, कशी असते ते थोडक्यात. नेहमीच्या सॉलिड ऑक्साइड सेलमध्ये भार पेलणारा थर निकेल आणि झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा असतो. तो महाग, ठिसूळ आणि घाईघाईनं तापवला की तडकणारा. धातूच्या आधाराच्या सेलमध्ये हे काम सच्छिद्र फेरिटिक स्टेनलेस स्टील करतं. त्यात १७ ते २२ टक्के क्रोमियम असतं आणि तापल्यावर ते जवळपास झिर्कोनियाइतकंच प्रसरण पावतं, म्हणून निवड याच पोलादाची. त्यावर दहाएक मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ, घट्ट इलेक्ट्रोलाइट : वायू अडवणारा, पण ऑक्सिजनचे आयन पलीकडे जाऊ देणारा थर. ब्रिटनची सेरेस कंपनी सेरियाचा (सेरियम ऑक्साइडचा) इलेक्ट्रोलाइट वापरून ६०० अंशांच्या आसपास काम करते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेची पद्धत वेगळी : झिर्कोनियाच्या दोन्ही बाजूंना पोलाद, सगळं एकत्र १३५० अंशांवर थोडा हायड्रोजन मिसळलेल्या आर्गॉनमध्ये भाजायचं, आणि उत्प्रेरक नंतर नायट्रेटच्या द्रावणातून छिद्रांत मुरवायचा. (इथे आर्गॉनऐवजी स्वस्तातला नायट्रोजन वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. एवढ्या उष्णतेत क्रोमियम नायट्रोजनशी संयोग पावतं आणि पोलाद कमकुवत होतं.)

मुरवण्याची पद्धत हौसेची नव्हे, नाइलाजाची आहे. हवेकडचा इलेक्ट्रोड नेहमीप्रमाणे ११०० अंशांवर हवेत भाजायला गेलं तर पोलादच जळून जाईल. म्हणून द्रावण मुरवायचं, ८०० अंशांच्या आसपास तापवायचं, पुन्हा मुरवायचं. तयार होणारे कण नॅनोमीटरांत मोजावे लागतील इतके बारीक, म्हणून पहिल्या दिवशी सेल झकास चालतो. पण ७०० अंशांवर हे कण एकमेकांना चिकटून मोठे होत जातात आणि पहिल्या शंभर-दोनशे तासांतच कामगिरी चांगलीच उतरते. छापून येतो तो आकडा बहुतेक वेळा पहिल्या तासाचा असतो.

आता चाचणी. आमचा मुख्य मुद्दा इथेच आहे.

चकती भट्टीत घालण्याआधी साधी परीक्षा घ्यावी. उत्प्रेरक मुरवण्याआधी इलेक्ट्रोलाइटच्या बाजूनं स्पिरिटमध्ये कालवलेल्या शाईचा एक थेंब टाकावा. मागच्या बाजूला डाग उमटला तर ती चकती तिथेच बाजूला काढावी. मग ती सिरॅमिक चिकटवणानं नळीच्या तोंडाशी बसवायची. सेरामाबाँड ५५२ असेल तर आधी खोलीत दोन-चार तास, मग ९३ अंशांवर २ तास आणि २६० अंशांवर २ तास. इथे घाई केली की आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, चिकटवणात बारीक बोगदे पडतात आणि पुढची सगळी चाचणी गळतीशी झगडण्यात जाते.

चिकटवण बसलं की क्षेत्रफळ मोजावं. मोजायचं ते चकतीचं नाही, चिकटवणाच्या आत मोकळ्या उरलेल्या वर्तुळाचं. मुरवलेल्या सेलमध्ये उत्प्रेरक सगळ्या चकतीभर पसरलेला असतो, म्हणून हा घोळ इथे जास्त होतो. मोकळं वर्तुळ १६ मिलिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ २.०१ चौरस सेंटिमीटर. तेच १४ धरलं तर १.५४. केवळ २ मिलिमीटरच्या चुकीनं वॅटचा आकडा ३० टक्क्यांनी फुगतो. तेव्हा व्हर्निअरनं दोन दिशांना मोजावं आणि फोटो काढून ठेवावा.

तारा चार हव्यात : दोन विद्युतप्रवाहासाठी, दोन केवळ व्होल्टेज मोजायला. दोन तारांवर भागवणारे पुष्कळ असतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनम तारेचा अर्धा मीटर भाग ७०० अंशांवर असेल, तर एकट्या तारेचाच रोध ०.८५ ओहमच्या आसपास जातो. चांगल्या सेलचा स्वतःचा रोध एका चौरस सेंटिमीटरला ०.३ ओहम! म्हणजे मोजली ती तार, सेल नव्हे. मग काही जण हा रोध सॉफ्टवेअरमधून वजा करतात आणि प्रवाह-व्होल्टेजचे सुंदर वक्र छापतात. पोटेन्शिओस्टॅटमधली (सेलचं व्होल्टेज आणि प्रवाह ठरवून मोजणाऱ्या यंत्रातली) ही सोय इथे बंदच ठेवावी, कारण तिच्यात सेलचा स्वतःचा रोधही वजा होऊन जातो. धातूच्या सेलचा एक फायदा असा की तार थेट पोलादाला स्पॉट वेल्डिंगनं जोडता येते, जाळी दाबून ठेवायची कटकट नाही. प्लॅटिनमची जाळी हवेकडच्या इलेक्ट्रोडला टेकत असेल तर तसं लिहावं. प्लॅटिनम स्वतःच उत्प्रेरक असल्यानं ते आयते गुण मिळवून देतं.

तापमान भट्टीच्या पॅनलवरचं धरू नये. के टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी, चकतीपासून ५ मिलिमीटरच्या आत हवं. पॅनल आणि चकती यांच्यात २० अंशांचा फरक पडणं सहज शक्य आहे आणि या तापमानाला दर १० अंशांमागे रोध साधारण १२-१३ टक्क्यांनी बदलतो. ‘६५० अंशांवरचा विक्रम’ प्रत्यक्षात ६७५ वरचा निघू शकतो. जास्त प्रवाह ओढला की चकती स्वतःहूनही तापते, म्हणून वक्र काढताना तापमानाची नोंदही सोबत चालू ठेवावी.

आता पाणी. हा मुद्दा खान्देशात जितका महत्त्वाचा आहे तितका पुण्यात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हायड्रोजन कोरडा देत नाहीत, पाण्याच्या बाटलीतून, म्हणजे बबलरमधून, बुडबुडे काढत देतात. बाहेरच्या शोधनिबंधांत ‘३ टक्के ओलावा असलेला हायड्रोजन’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा २५ अंशांच्या खोलीचा आहे. भुसावळच्या मे महिन्यात दुपारी खोलीच ४२ अंशांवर असते. त्या पाण्यातून निघणाऱ्या वायूत ओलावा ३ नव्हे, ८ टक्के असतो. जानेवारीतल्या पहाटे, पाणी १२ अंशांवर असताना, तोच १.४ टक्के. याचा परिणाम थेट ओपन सर्किट व्होल्टेजवर, म्हणजे प्रवाह न ओढता दिसणाऱ्या व्होल्टेजवर, होतो. वायूंच्या प्रमाणावरून व्होल्टेज काढणाऱ्या नेर्न्स्टच्या सूत्रानं ७०० अंशांवर, दुसऱ्या बाजूला हवा असताना, ३ टक्के ओलाव्याला १.१२ व्होल्ट यायला हवेत. मेच्या दुपारी हिशेबानंच १.०७ ते १.०८ येतात आणि जानेवारीच्या पहाटे १.१५. चकती तीच, भट्टी तीच, आणि फरक ७५ मिलिव्होल्टच्या वर. मे महिन्यात ‘सेल गळतोय’ म्हणून चांगली चकती फेकून देणं आणि जानेवारीत किंचित गळणारी चकती ‘उत्तम’ म्हणून पास करणं, या दोन्ही चुका एकाच बाटलीतून होतात.

उपाय महागडा नाही. बबलर वॉटर बाथमध्ये ठेवावा. पण बाथ २५ अंशांवर लावून उपयोग नाही, कारण साध्या बाथला तापवता येतं, थंड करता येत नाही. त्यापेक्षा तो सरळ ५० अंशांवर लावावा. खोलीचं तापमान तिथवर कधीच जात नाही, म्हणून बाराही महिने ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहतो. हिशेबाचं ओपन सर्किट व्होल्टेज मग १.०६ येईल, आणि तुलना त्याच आकड्याशी करावी. बबलरपासून भट्टीपर्यंतच्या नळीला हीटिंग टेप गुंडाळून ती ७० अंशांच्या वर ठेवावी. नाहीतर वाफ नळीतच थंड होऊन तिचे थेंब होतात, वायू ठोके देत पुढे सरकतो आणि स्क्रीनवरचं व्होल्टेज नाडीसारखं वर-खाली उडायला लागतं. असं दिसलं की सेलवर संशय घेण्याआधी नळी हातानं चाचपून पाहावी. कुठेतरी एक सांधा उघडा राहिलेला सापडतो.

खरी गळती ओळखायची खूण वेगळी आहे. हायड्रोजनचा प्रवाह मिनिटाला १०० मिलिलिटरवरून २०० केला आणि व्होल्टेज चढलं, तर बाहेरची हवा आत झिरपते आहे. न चढता कमीच राहिलं तर ओलावा किंवा इलेक्ट्रोलाइट तपासावा. सेरियाच्या इलेक्ट्रोलाइटमधून थोडे इलेक्ट्रॉनही पलीकडे जातात, त्यामुळे तिथे गळती नसतानाही ०.९ व्होल्टच्या आसपासच मिळतं. तो दोष धरू नये. आणि व्होल्टेज पडता पडता थर्मोकपल चढत असेल, तर चकतीला तडा जाऊन हायड्रोजन तिथेच पेटला आहे, असं समजून तो तत्काळ बंद करावा.

वायू बदलण्याचा क्रमही सांगायला हवा. तापवताना इंधनाच्या बाजूला नायट्रोजनमध्ये ४ टक्के हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा, तापमानाची चढ मिनिटाला २ ते ५ अंश. धातूचा सेल यापेक्षा कितीतरी वेगानं तापवता येतो, चिकटवणाला मात्र ते झेपत नाही. ७०० अंशांवर पोचल्यावर हायड्रोजन टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, म्हणजे निकेल ऑक्साइडचं निकेल सावकाश होतं. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटू शकतो. म्हणून बाहेर पडणारा वायू खोलीत सोडू नये, खिडकीबाहेर न्यावा. सिलिंडरच्या आट्या उलट्या असतात. नवा मुलगा जोर लावून रेग्युलेटर बिघडवून ठेवतो, तेव्हा पहिल्याच दिवशी हे दाखवून द्यावं.

वक्र काढताना व्होल्टेज ओपन सर्किटपासून ०.४ पर्यंत सेकंदाला १० ते २० मिलिव्होल्टनं उतरवायचं आणि तसंच परत चढवायचं. उतरतीची आणि चढतीची रेघ एकमेकींवर बसली पाहिजे. त्यांच्यात फट दिसली तर सेल अजून स्थिरावलेला नाही. इथे एक अडचण येते. कॉलेजांतले बरेच पोटेन्शिओस्टॅट १ अँपिअरच्या पुढे जात नाहीत. २ चौरस सेंटिमीटरचा चांगला सेल साडेतीन अँपिअर मागतो. अशा वेळी वक्र मध्येच तुटतो आणि मग रेघ पुढे अंदाजानं वाढवून ‘कमाल शक्ती’ काढली जाते. त्यापेक्षा ०.८ व्होल्टवरचा प्रवाह मोजून तेवढाच लिहावा. तो आकडा जास्त उपयोगाचाही आहे.

का, ते हिशेबानं पाहू. ओपन सर्किट १.१ व्होल्ट, रोध एका चौरस सेंटिमीटरला ०.३ ओहम. कमाल शक्ती मिळते ०.५५ व्होल्टवर, १.८३ अँपिअरला. बरोबर १ वॅट! बातमीतला आकडा हाच. पण १ अँपिअरला मिनिटाला जेमतेम ७ मिलिलिटर हायड्रोजन लागतो. १.८३ ला झाले १३. चाचणीत मिनिटाला सोडलेले असतात १००. म्हणजे ८७ मिलिलिटर न वापरता खिडकीबाहेर गेले. वापरलेल्या १३ पैकीही वीज झाली ४४ टक्केच, बाकीची उष्णता. एकूण इंधनापैकी विजेत उतरले साडेपाच टक्के. खऱ्या संचात इंधनाचा ७०-८० टक्के वापर करावा लागतो, आणि तेव्हा चकतीच्या शेवटच्या टोकाला हायड्रोजन विरळ आणि वाफ दाट होऊन व्होल्टेज पडतं. म्हणून ०.८ व्होल्टवरचा आकडा मागावा. त्याच सेलला तिथे ०.८ वॅट मिळतात, आणि वापरलेल्या इंधनाची ६४ टक्के वीज होते. छापायला आकडा लहान आहे खरा.

सेलच्या आत कुठे काय अडलं हे वक्रावरून कळत नाही. त्यासाठी इम्पिडन्स, म्हणजे वर-खाली होणाऱ्या प्रवाहाला सेल करतो तो विरोध, मोजायचा : १० मिलिव्होल्टची लहर, १ लाख हर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, एकदा ओपन सर्किटला आणि एकदा ०.७ व्होल्टला. आलेखाची कमान डावीकडे जिथे आडव्या रेषेला टेकते तो शुद्ध रोध, आणि कमानीची रुंदी म्हणजे इलेक्ट्रोडचा आळस. १० मायक्रॉनच्या झिर्कोनियाचा रोध ७०० अंशांवर ०.०५ ओहमच्या आसपास यायला हवा. आला ०.२५, तर उरलेले ०.२० जोडांत, वेल्डमध्ये किंवा पोलादावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यात आहेत. दिवसागणिक डावं टोक सरकत गेलं तर पापुद्रा वाढतोय. टोक जागेवर राहून कमान फुगत गेली तर उत्प्रेरकाचे कण मोठे होताहेत किंवा क्रोमियमचं विष चढतंय. तारांचे दोन जोड वेगवेगळे पिळून घेतले नाहीत तर वरच्या वारंवारितेला आलेख शेपटीसारखा खाली लोंबतो आणि डावं टोक सापडतच नाही.

क्रोमियमचा मुद्दाही आपल्याकडच्या ऋतूंशी जोडलेला आहे. पोलादावरचं क्रोमियम ऑक्साइड हवेतल्या ओलाव्याशी मिळून वाफ होतं आणि हवेकडच्या इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं. ही वाफ हवेतल्या पाण्याच्या सरळ प्रमाणात असते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवेत पाणी १ टक्क्याच्या आसपास, ऑगस्टमध्ये ३ टक्के. म्हणजे उन्हाळ्यात पाचशे तास छान चाललेल्या सेलचा जोडीदार पावसाळ्यात लवकर थकला, तर दोष बनवणाऱ्याचा असेलच असं नाही. हवा सिलिका जेलच्या नळकांड्यातून द्यावी, जेलचा रंग रोज पाहावा, आणि पोलादावर मँगनीज-कोबाल्टच्या स्पिनेलचा (क्रोमियमची वाफ रोखणाऱ्या ऑक्साइडचा) लेप असेल तर त्याची जाडी लिहावी.

आणि लाइट. हजार तासांची चाचणी म्हणजे ४२ दिवस. तेवढ्यात आपल्याकडे वीज एकदाही जाणार नाही, असं धरून चालणारा माणूस खान्देशातला नसावा. वीज गेली की वायूचे कंट्रोलर बंद होतात, हायड्रोजन थांबतो, भट्टी मात्र तासन्‌तास गरम राहते. बाहेर जाणाऱ्या नळीतून हवा उलटी आत शिरते, निकेलचं पुन्हा ऑक्साइड होतं. सिरॅमिकचा सेल अशा वेळी फुटतो. धातूचा वाचतो, आणि म्हणूनच ‘काही झालं नाही’ असं वाटतं. पण पोलादाची छिद्रं आतून गंजलेली असतात. त्यावर तोड अशी : ४ टक्के हायड्रोजनच्या सिलिंडरवर वीज नसताना उघडा राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवावा आणि शुद्ध हायड्रोजनवर वीज नसताना बंद होणारा. यूपीएस पोटेन्शिओस्टॅट, कंट्रोलर आणि कॉम्प्युटरला द्यावा. भट्टीचे दोन किलोवॅट त्यावर टाकू नयेत, पाच मिनिटांत तो बसेल. बाहेर जाणारी नळी दोन सेंटिमीटर पाण्यात बुडवून ठेवली तर हवेचा उलटा रस्ता अडतो. पण मध्ये एक रिकामी बाटली हवी, नाहीतर भट्टी थंड होताना पाणीच आत ओढलं जातं.

शेणाच्या किंवा केळीच्या खुंटांच्या बायोगॅसवर हे सेल चालतील का, असं इथे नेहमी विचारलं जातं. चालतील, पण त्यातला हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत १ भागाच्याही खाली आणावा लागतो, आणि कच्च्या गॅसमध्ये तो शेकड्यांनी असतो. ते गाळण आधी जमवावं, चकती नंतर.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना विनंती अशी, की पुढच्या वेळी असा आकडा कोणी दिला तर थर्मोकपल कुठे होतं, हायड्रोजनचा प्रवाह आणि ओलावा किती होता, क्षेत्रफळ कसं मोजलं आणि किती तासांनंतरचं मोजमाप आहे, एवढं विचारून तेही छापावं. अशा किती चकत्यांपैकी ही एक, हेसुद्धा. दहा बनवल्या आणि नऊ फुटल्या, तर दहावीच्या आकड्याइतकीच त्या नऊ जणींची माहितीही मोलाची आहे.

आणि कॉलेजांना : चाचणी संपल्यावर चकती कचऱ्यात टाकू नका. नळीतून सोडवा, मधोमध मोडा आणि दहा पटीच्या भिंगातून कड पाहा. पोलाद करडं-काळं दिसलं तर ठीक. कुठे तांबूस, मुरमासारखा ठिपका दिसला तर तिथलं क्रोमियम संपून लोखंड गंजायला लागलं आहे. तो ठिपका आत येणाऱ्या वायूच्या तोंडाशी आहे की चिकटवणाच्या कडेला, हे वहीत चित्र काढून लिहून ठेवा. पुढची चकती बनवताना तेच पान आधी उघडावं लागतं.

आपले,
इंधन घटांच्या चाचणीचं काम जाणणारे काही अध्यापक व तंत्रज्ञ,
जळगाव-धुळे